कागदामागचे कर्ज

पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते कर्जरोखे, वह्या आणि कोर्टाचे हुकूमनामे. हाती लागले ते त्यांनी जाळले. नंतर पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हे लोण पसरले.

राग कागदावर का? कारण तेव्हाचे कोर्ट कागदच वाचत असे. रोख्याखाली शेतकऱ्याची नांगराची निशाणी आहे ना, मुदत टळलेली नाही ना, मग द्या हुकूमनामा! १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे रोखा वरचेवर नवा करून घ्यावा लागे. नवा करताना थकलेले व्याज मुद्दलात मिसळे आणि त्या व्याजालाही व्याज लागे. कुणबी बहुधा कोर्टात फिरकतच नसे. निकाल एकतर्फी लागे.

दंग्याच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य देणारा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत तो प्रथम लागू झाला. त्याने न्यायाधीशाला सांगितले, रोख्यावर थांबू नका. पहिला रुपया कधी दिला, परत किती आला, इथपर्यंत मागे जा. मुद्दल आणि व्याज यांचे हिशेब वेगळे मांडा. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकू नका. गहाण न ठेवलेली जमीन जप्त करू नका. आणि कर्ज फिटणेच अशक्य असेल, तर शेतकऱ्याला नादारीचा अर्जही करता येईल.

इथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यात पूर्वीपासून होता. पण तो हिंदू धर्मशास्त्रातला, म्हणून ऋणको हिंदू असेल तरच कोर्टे तो लावत. शेजारच्या मुसलमान कुळाला त्याचा आधार नव्हता. १८७९ च्या कायद्याने धर्म विचारला नाही. धंदा विचारला. शेतकरी ना? मग हिशेब पहिल्यापासून.

साहजिकच वादही तिथेच उभे राहिले. शेतकरी म्हणायचे कोणाला? ज्याचे पोट मुख्यतः शेतीवर, त्याला. मग बैलगाडी हाकून चार पैसे मिळवणाऱ्याचे काय? सावकारही स्वस्थ बसले नाहीत. गहाणखताऐवजी त्यांनी सरळ खरेदीखते लिहून घ्यायला सुरुवात केली. शेतकरी म्हणे, जमीन गहाण टाकली होती. कागद म्हणे, विकली. अखेर कायद्यात दुरुस्ती झाली आणि खरा व्यवहार काय होता याचा तोंडी पुरावा कोर्टाला घेता येऊ लागला. या कायद्याखालचे खालच्या कोर्टांचे निकाल तपासणारे खास न्यायाधीश म्हणून महादेव गोविंद रानडे यांनीही काम केले. १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात गेले.

तो कायदा पुढे रद्द झाला, पण त्याचे प्रश्न मिटले नाहीत. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम पाहा. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, धर्मरूढीने स्त्रीला अंगावेगळे करता न येणारे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि बियाणे, यांवर जप्ती आणता येत नाही. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितले, की केवळ पैसे फेडता येत नाहीत म्हणून माणसाला तुरुंगात धाडता येणार नाही. त्याची दानत खोटी असल्याचे दिसले पाहिजे. २०१६ मध्ये दिवाळखोरीची नवी संहिता आली. तिचा व्यक्तींसाठीचा भाग २०१९ मध्ये लागू झाला, तो मात्र कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी जाळलेल्या रोख्यांवरचे सगळेच आकडे खोटे नव्हते. घेतलेले द्यायचे, हे त्यांनाही मान्य होते. त्यांचा सवाल एवढाच होता, की घेतले होते किती? हप्ता थकलेल्या माणसाचा कागद हातात घेताना आजच्याही न्यायाधीशाला आधी तोच विचारावा लागतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)