मुंबई हाय

मुंबई हाय (पूर्वीचे नाव : बाँबे हाय) हे अरबी समुद्रातील खनिज तेल व नैसर्गिक वायूचे क्षेत्र आहे. ते मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर असून तेथे समुद्राची खोली सुमारे ७५ मीटर आहे. १९७४ मध्ये शोध लागलेले हे क्षेत्र भारतातील सर्वांत मोठे तेलक्षेत्र ठरले. त्याचे व्यवस्थापन तेल व नैसर्गिक वायू महामंडळाकडे (ओएनजीसी) आहे. जीवाश्म इंधने कशी शोधली जातात आणि त्यांचा साठा किती काळ पुरतो, हे दोन्ही प्रश्न समजून घेण्यासाठी मुंबई हायचा इतिहास हे महाराष्ट्रातील सर्वांत जवळचे उदाहरण आहे.

भूरचना

खनिज तेल हे मुख्यतः प्राचीन जलाशयांतील सूक्ष्म जीवांच्या अवशेषांपासून बनते. हे अवशेष गाळाखाली गाडले जाऊन लक्षावधी वर्षे उष्णता व दाब यांखाली राहिले, तर त्यांचे तेल व वायूत रूपांतर होते. तेलाचा साठा होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : तेल निर्माण करणारा मूळ खडक, ते सामावून घेणारा सच्छिद्र खडक आणि वर निसटू न देणारा अभेद्य थर. तेल भूगर्भात तलावासारखे साचलेले नसते. स्पंजातील पाण्याप्रमाणे ते खडकाच्या छिद्रांत भरलेले असते.

मुंबई हाय येथे तेलाचा मुख्य साठा मायोसीन काळातील चुनखडकात आहे. तेथील थरांना घुमटासारखा उठाव असल्यामुळे तेल व वायू त्याखाली अडकून राहिले. नावातील 'हाय' हा शब्द याच उंचवट्याचा निदर्शक आहे.

किनाऱ्यावर मात्र अशी स्थिती नाही. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात, कर्जत व खालापूर तालुक्यांत, सह्याद्रीचे डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्टचे आहेत. कशेळ्यासारख्या पायथ्याच्या गावात विहीर खणताना लागणारा काळा पाषाण तोच. ज्वालामुखीजन्य खडकात जैविक गाळ नसल्याने त्यात तेल किंवा कोळसा तयार होत नाही. हाच दख्खनचा बेसाल्ट पश्चिमेस समुद्राखालीही पसरलेला आहे. परंतु तेथे त्यावर नंतरच्या काळातील गाळाचे जाड थर साचले. तेलाचा शोध घेण्याजोगे खडक हे आहेत.

शोध

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात देशांतर्गत तेल मुख्यतः आसाममधून मिळत असे. १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना झाली. या कामामागे केशवदेव मालवीय यांचा पुढाकार होता. १९५८ मध्ये खंबात व १९६० मध्ये अंकलेश्वर येथे तेल सापडल्यावर शोधाची दिशा गुजरातच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे वळली. १९६० च्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने झालेल्या सागरी सर्वेक्षणात मुंबई हायच्या उंचवट्याची नोंद झाली.

अशा सर्वेक्षणात जहाजावरून कृत्रिम ध्वनिलहरी पाण्यात सोडतात. समुद्रतळाखालील वेगवेगळ्या थरांवरून परावर्तित होऊन त्या परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून थरांची खोली व आकार काढतात. सर्वेक्षणातून तेल असण्याची शक्यता कळते. तेल आहे की नाही हे वेधनाशिवाय ठरत नाही.

मुंबई हायवरील पहिले वेधन 'सागर सम्राट' या फिरत्या वेधन-मंचाने जानेवारी १९७४ मध्ये सुरू केले आणि फेब्रुवारीत तेल लागले. हा मंच जपानमधील हिरोशिमा येथे बांधण्यात आला होता. पुढे एक रुपयाच्या नोटेच्या मागील बाजूस त्याचे चित्र छापण्यात आले. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर जागतिक तेलदर सुमारे चौपट झाले असताना हा शोध लागल्याने त्याला विशेष महत्त्व आले.

उत्पादन व वापर

२१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. आरंभी तेल जहाजांनी आणले जाई. नंतर रायगड जिल्ह्यातील उरणपर्यंत समुद्राखालून नळ टाकण्यात आले. उरण येथे वायूवर प्रक्रिया होऊन स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढला जातो. अलिबागजवळील थळचा खत कारखाना व उरणचे वायू विद्युत केंद्र यांची उभारणी याच वायूच्या भरवशावर झाली.

१९८९ च्या सुमारास उत्पादन दिवसाला सुमारे पावणेपाच लाख पिंपे (एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर) या उच्चांकावर पोहोचले. त्यानंतर थरांतील दाब घटत गेला व तेलासोबत येणाऱ्या पाण्याचे प्रमाण वाढले. २००० नंतर नव्या विहिरी व पाणी-अंतःक्षेपण यांद्वारे पुनर्विकास हाती घेण्यात आला. २०२४ च्या सुमारास उत्पादन दिवसाला सुमारे १.३ लाख पिंपे होते. जानेवारी २०२५ मध्ये उत्पादनवाढीसाठी बीपी या कंपनीची दहा वर्षांकरिता तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड झाली.

दुर्घटना

२७ जुलै २००५ रोजी एका जखमी कर्मचाऱ्याला हलवताना 'समुद्र सुरक्षा' हे जहाज खवळलेल्या समुद्रात उत्तर भागातील मंचावर आदळले. वायुगळती होऊन लागलेल्या आगीत मंच नष्ट झाला आणि २२ जण मृत्युमुखी पडले वा बेपत्ता झाले. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात 'पी-३०५' ही कामगारांची निवासी नौका बुडून ७० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. या इंधनाची किंमत मोजताना ही जीवितहानीही विचारात घ्यावी लागते.

साठा किती काळ पुरेल?

सिद्ध साठ्याला वार्षिक उत्पादनाने भागले की साठ्याचे 'आयुर्मान' मिळते. हा आकडा इंधन संपण्याची तारीख नव्हे. १९८० मध्ये जगाच्या तेलसाठ्याचे आयुर्मान सुमारे ३० वर्षे येत होते. त्याप्रमाणे २०१० मध्ये तेल संपायला हवे होते. प्रत्यक्षात २०२० च्या अखेरीस साठा सुमारे १.७३ लाख कोटी पिंपे व आयुर्मान ५० वर्षांहून अधिक होते. 'सिद्ध साठा' म्हणजे सध्याच्या तंत्राने व दराने काढता येण्याजोगे तेल. नवे शोध, तंत्र व दर यांनुसार तो बदलतो.

म्हणून पुरवठा अमर्याद आहे, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. तेलक्षेत्र एका दिवशी कोरडे पडत नाही. त्याचे उत्पादन उच्चांक गाठून हळूहळू घटते आणि उरलेले तेल काढणे अधिकाधिक खर्चिक होते. मुंबई हायने आपला उच्चांक पहिल्या पंधरा वर्षांतच गाठला. पन्नास वर्षांनंतरही ते उत्पादन देत आहे, पण पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. तेथील मूळ तेलाचा मोठा भाग अजूनही खडकातच आहे.

भारताचा सिद्ध तेलसाठा २०२० मध्ये सुमारे ४५० कोटी पिंपे होता. देशातील उत्पादनाच्या वेगाने तो सुमारे १६ वर्षे पुरेल. परंतु आयात थांबली आणि संपूर्ण देशाची गरज त्यातूनच भागवावी लागली, तर अडीच-तीन वर्षांत संपेल. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात होते. त्यामुळे भारतापुरता प्रश्न जगातील तेल कधी संपेल यापेक्षा ते कोणत्या दराने आणि कोणाकडून मिळेल, असा आहे. शिवाय जीवाश्म इंधनांच्या ज्वलनाने होणारी तापमानवाढ पाहता, असलेला साठाही सर्वच्या सर्व जाळता येईल असे नाही.

पर्यायी ऊर्जेची परंपरा याच जिल्ह्यात जुनी आहे. सह्याद्रीवर साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर चालणारी खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) ही जलविद्युत केंद्रे मुंबई हायच्या शोधापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ मुंबईला वीज पुरवत होती. तेलाचा साठा एकदाच वापरता येतो. या केंद्रांचे जलाशय दर पावसाळ्यात पुन्हा भरतात.