‘चक्र’ पाणबुडीचा सेवाकाल : गणनेचा एक प्रश्न

युद्धनौकेचा सेवाकाल म्हणजे नौदलातील तिच्या प्रवेशापासून निवृत्तीपर्यंतचा काळ, ही व्याख्या सर्वमान्य आहे. परंतु ‘चक्र’ हे नाव धारण केलेल्या दोन अणुपाणबुड्यांस ती लावू गेल्यास अपुरी पडते. तसे का होते, हे पाहण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

पहिली ‘चक्र’ ही मूळची सोव्हिएत नौदलाची ‘के-४३’. तेथे ती १९६७ साली दाखल झाली. जानेवारी १९८८ मध्ये ती भाडेकराराने भारताकडे आली व जानेवारी १९९१ मध्ये परत गेली. म्हणजे पहिली वीस वर्षे परक्या ध्वजाखाली गेली. आपल्या वाट्यास आली ती उतारवयातील तीन. वर्गीकरणदृष्ट्या ती क्षेपणास्त्रवाहक होती. काटेकोर अर्थाने हल्लेखोर, म्हणजे शत्रूच्या पाणबुड्यांचा व जहाजांचा माग काढणारी, अशी नौका म्हणजे दुसरी ‘चक्र’, पूर्वाश्रमीची ‘नेर्पा’. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आमूर नदीकाठी सुरू झालेली तिची बांधणी द्रव्याभावी रखडली. नोव्हेंबर २००८ मध्ये चाचणीच्या वेळी अग्निशामक वायू सुटून २० जण मृत्युमुखी पडले. ४ एप्रिल २०१२ रोजी ती विशाखापट्टणम येथे भारतीय नौदलात दाखल झाली. करार दहा वर्षांचा असूनही जून २०२१ मध्येच ती परतीच्या वाटेस लागली.

दोहोंचा भारतीय सेवाकाल मिळून जेमतेम बारा वर्षांचा, आणि त्यात एकीनेही युद्धात शस्त्र चालविले नाही. मग हा खर्च व्यर्थ गेला काय? तसे म्हणता येत नाही. डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीस विद्युत्संचयासाठी वारंवार पृष्ठभागाजवळ यावे लागते. अणुभट्टीस हवा लागत नाही. तेव्हा पाण्याखालील वास्तव्याची मर्यादा ठरते ती अन्नसाठ्याने व माणसांच्या सहनशक्तीने. अशी नौका चालविण्याची विद्या ग्रंथांतून येत नाही. पहिल्या ‘चक्र’चे पहिले कप्तान आर. एन. गणेश यांनी पुढे स्वदेशी अणुपाणबुडी प्रकल्पाचे नेतृत्व केले. त्या प्रकल्पातील ‘अरिहंत’चे जलावतरण २००९ साली झाले व २०१६ मध्ये ती सेवेत आली. तिच्या अणुभट्टीच्या विकासात मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचा प्रमुख वाटा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन स्वदेशी हल्लेखोर अणुपाणबुड्यांच्या बांधणीस मान्यता मिळाली.

भाषेच्या अभ्यासकास येथे एक गोष्ट विशेष जाणवते. ‘चक्र’ हे विशेषनाम दोन भिन्न नौकांस लाभले, आणि दोन्ही नौका मूळ मालकाकडे परत गेल्या. मागे राहिले ते नाव, आणि त्या नावाखाली शिकलेली माणसे. म्हणूनच भाड्याच्या नौकेचा सेवाकाल केवळ प्रवेश व निवृत्ती यांच्या तारखांवरून मोजू नये. तिच्यावर घडलेल्या खलाशांची सेवा जेथे संपेल, तेथपर्यंत तो धरावा. समुद्रापासून दूर बुलढाण्यात बसून इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यासही हा विवेक उपयोगी पडावा : दप्तरातील तारीख घटनेची सीमा सांगते, तिच्या परिणामाची नव्हे.