मृच्छकटिकाच्या प्रस्तावनेतील चौथा श्लोक : भाष्य

शूद्रकाच्या कर्तृत्वाविषयीची मुख्य शंका याच श्लोकातून निघते, म्हणून तो चरणाचरणाने तपासू. आधी चरणाचा आशय, मग भाष्य.

चरण १. ऋग्वेद, सामवेद, गणित, वैशिकी कला आणि हस्तिविद्या त्याला अवगत होत्या.

वेदांच्या शेजारी गणिकांची कला बसवली आहे. आता नाटक पाहा. नायिका वसंतसेना गणिका आहे. दुसऱ्या अंकात खुण्टमोडक हत्ती मोकाट सुटतो आणि कर्णपूरक त्याला आवरतो. ही यादी कवीच्या चरित्रातून नव्हे, नाटकातूनच वेचलेली असावी, असे मला वाटते. गणित मात्र या तर्कात बसत नाही. ते ओढूनताणून बसवू नये.

चरण २. शिवकृपेने त्याच्या डोळ्यांवरचा अंधार गेला.

गेले ते आंधळेपण की अज्ञान, दोन्ही अर्थ लागतात. कर्तृत्वाच्या प्रश्नाला त्याने फरक पडत नाही.

चरण ३. पुत्राला राजा झालेला पाहिले, अश्वमेध केला.

राजस्तुतीचा हा ठरीव साचा. पण दहाव्या अंकात राजा पालक यज्ञमंडपातच मारला जातो आणि गवळ्याचा पोर आर्यक गादीवर येतो. अश्वमेध करणारा राजा असे लिहील का? लिहीलही. एवढ्या विसंगतीवर शंका उभारणे मला पटत नाही.

चरण ४. शंभर वर्षे दहा दिवस जगून शूद्रकाने अग्निप्रवेश केला.

खरी अडचण इथे आहे. स्वतःचा मृत्यू कवी भूतकाळात कसा सांगेल? ज्योतिषाने त्याला आयुर्मान आधीच कळले होते, हा जुन्या टीकेतला खुलासा श्रद्धेचा आहे, पुराव्याचा नव्हे. श्लोक दुसऱ्याच्या हातचा आहे, एवढेच यावरून ठरते. नाटकही दुसऱ्याचे, हे ठरत नाही. शूद्रकाच्या रचनांचा उल्लेख काव्यशास्त्रकार वामनही करतो.

जर्मन पंडित पिशेल यांनी मात्र पुढची उडी घेतली. अंधाराच्या वर्णनाचा एक श्लोक दंडीच्या 'काव्यादर्शा'त आणि या नाटकातही आहे, तेव्हा नाटक दंडीचे, असा त्यांचा युक्तिवाद. १९१२ पासून गणपतीशास्त्रींनी त्रिवेंद्रमला भासाची म्हणून नाटके छापायला घेतली आणि तोच श्लोक 'चारुदत्त' व 'बालचरित' यांतही निघाला. दंडीच्या बाजूचा तो आधार तिथेच कोसळला. 'चारुदत्ता'चे चार अंक मृच्छकटिकाच्या पहिल्या चार अंकांशी इतके जुळतात की मृच्छकटिक त्यावरूनच वाढवले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या 'चारुदत्ता'च्या प्रस्तावनेत तर कवीचे नावच नाही.