देवाचे रान आणि महाजनांचे दायित्व

गोमंतकाच्या पूर्व सीमेवर सह्याद्रीची जी रांग उभी आहे, तिच्या पायथ्याशी मोलेच्या अरण्यात तांबडी सुर्ला येथील श्रीमहादेवाचे मंदिर आहे. कदंबांच्या राजवटीशी जोडले जाणारे हे पूर्वाभिमुख मंदिर काळ्या बसाल्ट दगडात घडविलेले असून, त्याच्या शेजारून रगाडो नदी वाहते. सोळाव्या शतकात तिसवाडी, सासष्टी व बारदेश येथील असंख्य देवालये भुईसपाट झाली. हे मात्र निबिड रानाच्या आडोशाने वाचले, असे मानले जाते. देवाने रान राखले की रानाने देव राखला, हा प्रश्न येथे सहजच मनात येतो.

त्याच काळात श्रीमंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास व श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली. ज्या अंत्रुज महालाने या दैवतांना आश्रय दिला, त्याचे जीवन सह्याद्रीच्या पाण्यावरच अवलंबून आहे. दूधसागर व रगाडो यांचे पाणी खांडेपार नदीला मिळते आणि ओपा येथील जलप्रकल्पातून तेच फोंडा व पणजी परिसरात पोहोचते. तेव्हा मोलेचे रान हे महाजनांच्या दृष्टीने दूरचे रान नव्हे.

कायद्याने संरक्षण येण्यापूर्वी हे कार्य श्रद्धेने केले. देवराईतील वाळकी फांदीही न तोडण्याचा दंडक अनेक गावांनी पाळला. सत्तरीत नानोडे-बांबर येथील निरंकाराच्या राईत, चिखलातून गुडघ्यासारखी वाकलेली मुळे वर काढणाऱ्या जायफळाच्या कुळातील वृक्षांची दुर्मीळ पाणथळ आजही टिकून आहे. डोंगराकाठच्या गावांत वाघ्रो या नावाने व्याघ्रदेवतेचे पूजन होत आले.

पुढे शासनाने मोलेचे रान भगवान महावीर अभयारण्य म्हणून राखले. सुमारे २४० चौरस किलोमीटरच्या या प्रदेशातील १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८ साली राष्ट्रीय उद्यान झाला. १९९९ साली म्हादई व नेत्रावळी या अभयारण्यांची भर पडली. तथापि केवळ अधिसूचनेने रान सुरक्षित होत नाही. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात एक वाघीण व तिचे तीन बछडे मृतावस्थेत सापडले. वाघ्रोच्या मुलखात वाघावर ही पाळी यावी, याची खंत कोणत्याही भाविकास वाटल्यावाचून राहणार नाही. परंतु गुरे गमावणाऱ्या वनवासी कुटुंबाचे दुःख वेळीच जाणून घेतल्याविना त्याच्याकडून रानाच्या रक्षणाची अपेक्षा धरणे न्यायाचे नव्हे. दुसरीकडे, मोलेच्या रानातून जाणाऱ्या लोहमार्गाच्या दुपदरीकरणास दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली रद्द केली. त्यामागे लोकांची जागरूकता होती.

महाजन हा देवाच्या मालमत्तेचा धनी नसून राखणदार होय, ही परंपरेची शिकवण आहे. जीर्णोद्धाराच्या उत्साहात राईतील जुना वृक्ष तोडून सिमेंटचा मंडप उभारणे अथवा तळीचा झरा बुजविणे, हे त्या शिकवणीशी विसंगत ठरते. देवस्थानच्या दागदागिन्यांची व जमिनींची नोंद ज्या काटेकोरपणे ठेवली जाते, तशीच नोंद आपल्या राईतील वृक्षांची व झऱ्यांची ठेवली, तर पुढील पिढीच्या हाती केवळ मंदिर नव्हे, तर त्या मंदिराला जगविणारे पाणीही सुपूर्द करता येईल.