गाडी कुणाच्या नावावर?

साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातली तरुण मुलं चाकांवर बिऱ्हाड घालून आपल्याकडे येत. इस्तंबूल, तेहरान, काबूल, खैबरखिंड, लाहोर, वाघा, दिल्ली आणि मग गोवा. फोक्सवॅगनची बसक्या नाकाची व्हॅन त्यांची लाडकी. १९५० साली ती जर्मनीत बनू लागली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात झोपायची, खाण्यापिण्याची सोय करून दिली. हणजूणच्या माडांखाली अशा गाड्या उभ्या असत. त्यांच्याविषयी आजवर जे लिहिलं गेलं ते बहुतेक गिटार आणि गांजाभोवती फिरतं. मला बोलायचं आहे ते गाडीच्या खणात जपून ठेवलेल्या एका पुस्तकाबद्दल.

त्याचं नाव कार्ने. १९५४ साली न्यूयॉर्कला खाजगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीचा एक आंतरराष्ट्रीय करार झाला, भारतही त्यात सामील आहे. करार साधा आहे. प्रवाशाने आपली गाडी परदेशात न्यावी, तिथलं आयातशुल्क भरू नये, पण ठरल्या मुदतीत गाडी बाहेर काढावी. काढेल याची हमी त्याच्या देशातला मोटार क्लब देतो आणि त्याबदल्यात त्याच्याकडून अनामत किंवा विमा घेतो. कार्नेच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात. एक तुकडा गाडी आत येताना कस्टमवाला फाडून ठेवतो, दुसरा ती बाहेर जाताना, आणि दोन्ही शिक्के बसलेला तिसरा पुस्तकातच राहतो. बाहेर जाण्याचा शिक्का नसेल तर कस्टम आपल्या देशातल्या क्लबाकडे शुल्क मागतं, तो क्लब परदेशातल्या क्लबाकडे, आणि शेवटी भुर्दंड त्या मुलाच्या अनामतीवर.

म्हणजे गाडी त्याची, किल्ली त्याच्या खिशात, पण विकण्याची मुभा नाही. इथे पैसे संपणाऱ्यांची कमी नव्हती. विकायला हाताशी होती ती गाडीच, आणि त्या काळात परदेशी गाडीचं आपल्याकडे केवढं अप्रूप! गिऱ्हाईक मिळालं असतं. पण रीतसर विकायची तर आधी आयातीची परवानगी आणि जबर शुल्क. शुल्क भरण्याइतके पैसे असते तर गाडी विकायला कशाला काढली असती? गाडी अपघातात चक्काचूर झाली तरी सुटका नव्हती. करारात तिच्यासाठी तीनच वाटा आहेत: शुल्क भरा, गाडी सरकारच्या स्वाधीन करा, नाहीतर सरकारी देखरेखीखाली ती नष्ट करा. १९७९मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि काबूलची वाट मोडली. शिक्क्याचा नियम मात्र तसाच राहिला.

इथे एका शब्दाशी थोडं थांबतो, कवीची खोड. आमच्या घरात जकात म्हणजे दान, वर्षाकाठी गरिबासाठी बाजूला काढायची रक्कम. मराठीत तोच शब्द नाक्यावर जाऊन बसला आणि ट्रकवाल्याच्या कपाळावर आठ्या आणू लागला. मुंबईतली जकात २०१७ साली गेली, शब्द राहिला. कागद, दस्त, कायदा, मालक हेही असेच लांबून आलेले, फारसी-अरबीच्या वाटेने. यातला ‘मालक’ सगळ्यात फसवा.

कारण आपल्या घरची गोष्टही फार वेगळी नाही. १९३९च्या मोटार वाहन कायद्यात मालकाच्या व्याख्येला नोंदणीतल्या नावाची अट नव्हती. १९८८चा कायदा आला आणि मालक म्हणजे ज्याच्या नावावर वाहन नोंदलेलं आहे तो, असं ठरलं. व्यवहारात मात्र आपण जुन्या चालीनेच चालतो. पैसे मोजले, किल्ली दिली, तारीख न घालता २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या केल्या, चहा झाला, संपलं. घेणारा ती गाडी आणखी कुणाला देतो, तो आणखी कुणाला. अशीच एक मोटार २००७ साली विकली गेली, हातोहात फिरली आणि २००९ साली तिने एकाचा जीव घेतला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या पहिल्या मालकाची. मला हा निर्णय कठोर वाटतो, पण चुकीचा वाटत नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनी का गाडीच्या पाचव्या मालकाचा पत्ता शोधत फिरायचं?

म्हणून विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. घेणारा कळवेलच, या भरवशावर राहायचं नाही.

आता आपल्याकडेही कॅम्परव्हॅनची हौस आली आहे. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं. कुणी जुनी व्हॅन विकत घेऊन तिच्यात बिछाना आणि शेगडी बसवून घेतो. अशी गाडी घेताना आरसीवर काय लिहिलंय ते आधी पाहावं, कारण गाडीच्या रचनेतल्या बदलाला मंजुरी आणि नोंद लागते. दोन खाजगी माणसांमधल्या अशा विक्रीवर जीएसटी नाही, तो जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे. खरी मेख रस्ताकराची. वाहनांवरचा कर आपल्या राज्यघटनेने राज्यांकडे दिला आहे, त्यामुळे भटकण्यासाठीच बनवलेली ही गाडी प्रत्येक सीमेवर परकी. कर्नाटकातली गाडी पुण्यात आणायची तर तिथून २८ नंबरच्या फॉर्मवर ना हरकत दाखला आणायचा, इथला कर भरायचा, आणि तिथे भरलेल्या करातल्या उरलेल्या वर्षांची रक्कम परत मागत तिथल्या कार्यालयात खेटे घालायचे. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली की नवी नोंदणी आलीच. २०२१पासून बीएच मालिकेचा नंबर निघाला, त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. पण तो बदलीच्या नोकरीतल्यांसाठी आहे, हौशी भटक्यांसाठी नाही.