पंचनिर्णयातील चूक (फुटबॉल)

पंचनिर्णयातील चूक (फुटबॉल) : सामना चालू असताना मैदानावरील पंचाने घडलेली गोष्ट चुकीची पाहून किंवा नियम चुकीचा लावून दिलेला निर्णय. अशा चुकांपासून पंच काय शिकतात, हा पंच-प्रशिक्षणाचा मुख्य विषय आहे. महाराष्ट्रात मुंबई व कोल्हापूर येथे फुटबॉलची जुनी परंपरा आहे. मराठवाड्यात तो प्रामुख्याने शालेय स्पर्धांतून खेळला जातो.

प्रकार : पाहण्यातली चूक आणि नियमातली चूक, असे दोन प्रकार मानतात. चेंडू हाताला लागला की छातीला, धक्का होता की नव्हता, ही पहिल्या प्रकारची उदाहरणे. खेळाच्या १७ नियमांपैकी पाचव्या नियमाप्रमाणे घडलेल्या गोष्टीबाबत पंचाचा निर्णय अंतिम असतो आणि खेळ पुन्हा सुरू होईपर्यंतच पंचाला तो बदलता येतो. १९८६ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाने हाताने केलेला गोल ट्युनिशियाचे पंच अली बेन्नासर यांना दिसला नाही, आणि तो कायम राहिला.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे नियमच चुकीचा लावला गेल्यास, सामना रद्द होऊ शकतो. याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण ताश्कंदचे आहे. ३ सप्टेंबर २००५ रोजी उझबेकिस्तान-बहरीन या विश्वचषक पात्रता सामन्यात उझबेकिस्तानने पेनल्टीवर गोल केला. पण चेंडू मारण्यापूर्वीच त्यांचा खेळाडू पेनल्टी क्षेत्रात शिरला होता. गोल झाला असल्याने नियमाप्रमाणे पेनल्टी पुन्हा मारायला हवी होती. जपानचे पंच तोशिमित्सु योशिदा यांनी त्याऐवजी बहरीनला अप्रत्यक्ष फ्री किक दिली. उझबेकिस्तानने सामना १-० असा जिंकला, तरी फिफाने निकाल रद्द करून तो पुन्हा खेळवला. फेरसामना १-१ असा सुटला, परतीचा सामना गोलशून्य राहिला आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरील गोलाच्या आधारे बहरीन पुढे गेले. योशिदांना गुन्हा अचूक दिसला होता. चुकली ती शिक्षा. नियमांचे पुस्तक तोंडपाठ असणे आणि गर्दीच्या गदारोळात त्यातले नेमके कलम आठवणे, यांतील अंतर या सामन्यात दिसते.

कारणे : प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने मुख्य कारण पंचाची जागा हे आहे. डोळे चांगले असूनही चुकीच्या कोनात उभा असलेला पंच चुकतो. यासाठी इंग्लंडचे पंच स्टॅनली राउस (पुढे फिफाचे अध्यक्ष, १९६१-७४) यांनी तिरकस धावण्याची पद्धत रूढ केली : मुख्य पंच मैदानाच्या एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे तिरका धावतो, दोन सहायक पंच दोन बाजूंच्या रेषांवर अर्धे-अर्धे मैदान सांभाळतात आणि खेळ शक्यतो मुख्य पंच व जवळचा सहायक यांच्यामध्ये राहतो.

ऑफसाइडच्या (चेंडू पुढे दिला जाताना आक्रमक शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे असण्याच्या) निर्णयांतील चुकांवर नेदरलँड्समधील संशोधकांचा लेख २००० साली ‘नेचर’मध्ये आला. त्यानुसार सहायक पंच अनेकदा शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या अगदी रेषेत न राहता किंचित पुढे, गोललाइनच्या बाजूला, सरकलेला असतो. तिथून पाहताना बचावपटूच्या पलीकडून धावणारा, प्रत्यक्षात बरोबरीने असलेला आक्रमक पुढे गेल्यासारखा भासतो आणि झेंडा उगाच वर जातो. अलीकडून धावणारा खरोखर पुढे असला तरी सुटून जातो. असा निर्णय पक्षपाती म्हणून शिव्या खातो, पण मूळ दोष नजरेच्या कोनाचा असतो. दमछाक हे दुसरे कारण. फिफाच्या चाचणीत पंचांना ४० मीटरच्या सहा वेगवान धावा आणि त्यानंतर ७५ मीटर धावणे व २५ मीटर चालणे यांची आवर्तने पूर्ण करावी लागतात.

चुकीतून शिक्षण : २२ जून २००६ रोजी श्टुटगार्ट येथे क्रोएशिया-ऑस्ट्रेलिया सामन्यात इंग्लंडचे पंच ग्रॅहम पोल यांनी क्रोएशियाच्या योसिप शिमुनिच याला ६१ व्या आणि ९० व्या मिनिटाला पिवळे कार्ड दाखवले, पण दोन पिवळ्या कार्डांवर द्यायचे लाल कार्ड दाखवून मैदानाबाहेर काढले नाही. तिसरे पिवळे कार्ड दाखवल्यानंतरच लाल कार्ड निघाले. शिमुनिचचा क्रमांक ३ होता. पोल यांनी एक नोंद वहीत ऑस्ट्रेलियाच्या ३ क्रमांकाच्या खेळाडूपुढे केली होती. बरोबरच्या पंचांपैकीही कोणी त्यांना अडवले नाही. त्यानंतर पोल यांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधून निवृत्ती घेतली. यातला धडा साधा व कारकुनी आहे : कार्ड दाखवताना खेळाडूचा क्रमांक, संघ आणि मिनिट लगेच लिहावे, दुसरे पिवळे कार्ड देण्याआधी वही पाहावी, आणि सहायकांनी स्वतंत्र नोंद ठेवावी. लाल-पिवळी कार्डेही अशाच गोंधळातून आली. १९६६ मध्ये इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात कोणाला ताकीद मिळाली हे खेळाडूंनाही नीट कळले नव्हते. इंग्लंडचे पंच केन ॲस्टन यांनी सुचवलेली कार्डे १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात प्रथम वापरली गेली.

मोठ्या स्पर्धांत पंचावर नजर ठेवणारा निरीक्षक असतो. सामना संपल्यावर तो पंचाबरोबर बसून एकेक प्रसंग काढतो आणि ‘निर्णय काय दिलास’ याआधी ‘उभा कुठे होतास’ हे विचारतो. ही सोय जिथे नाही, तिथे तीच चूक वर्षानुवर्षे होत राहते आणि त्याबद्दल एकट्या पंचाला दोष देणे अन्यायाचे आहे.

तंत्रज्ञान : २०१० च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा रेषेपार गेलेला चेंडू गोल धरला गेला नाही; त्यानंतर २०१२ मध्ये गोललाइन तंत्रज्ञानाला मान्यता मिळाली. व्हिडिओ सहायक पंच २०१८ पासून नियमांत आहे.

भारत व महाराष्ट्र : ३ मार्च २०२३ रोजी बंगळुरू येथे इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत बंगळुरू एफसीच्या सुनील छेत्रीने झटपट मारलेल्या फ्री किकवर गोल दिला गेला, म्हणून केरला ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. फेरसामन्याची मागणी फेटाळली गेली आणि संघाला ४ कोटी रुपये दंड झाला. पंच चुकले की नाही, यावर जाणकारांत मतभेद आहेत. कोल्हापुरात (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, स्था. १९४०) पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमींच्या संघांची ईर्षा शाहू स्टेडियमवर उतरते. पेठच्या पेठ गॅलरीत असताना पेनल्टीची शिट्टी वाजवायला धैर्य लागते आणि तिथला पंच ते लवकर शिकतो.

सेनगाव : मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यातील तालुका. अशा ग्रामीण तालुक्यात शालेय सामन्याला पंच म्हणून बहुधा क्रीडाशिक्षकच उभा राहतो. पावसाळ्यातल्या काळ्या मातीत फक्कीच्या रेषा तासाभरात पुसट होतात, मग चेंडू पेनल्टी क्षेत्रात होता की बाहेर हे पंचाला अंदाजाने ठरवावे लागते. रेषेवर प्रशिक्षित सहायक नसला की ऑफसाइडही त्यालाच मधूनच पाहावा लागतो. इथे पहिली गरज रेषेवर झेंडा धरणाऱ्या आणखी दोन शिक्षकांची आणि सामन्यानंतरच्या पंधरा मिनिटांच्या चर्चेची आहे. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य शासनाने ‘मिशन वन मिलियन’द्वारे १० लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला; खेळणाऱ्यांच्या प्रमाणात पंच तयार करण्याचे काम त्यामानाने मागे आहे.