फांदी कुठून तोडायची?

षट्लेश्येचं चित्र आपल्यापैकी बहुतेकींनी मंदिराच्या भिंतीवर पाहिलेलं असतं. जांभळाचं एक झाड आणि त्याच्याभोवती सहा भुकेले वाटसरू. पहिला झाड मुळासकट उपटायला निघालेला, दुसरा खोडावर घाव घालणारा, तिसरा मोठी फांदी तोडणारा, चौथा डहाळीवर थांबणारा, पाचवा नुसती फळं काढणारा आणि सहावा खाली पडलेली जांभळं वेचून खाणारा. नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींच्या ‘गोम्मटसारा’त हा दृष्टांत आहे. श्रवणबेळगोळची बाहुबलीची मूर्ती घडवून घेणारा चामुंडराय त्यांचा समकालीन, म्हणजे हजार वर्षं तरी ही गोष्ट आपल्यात सांगितली जाते आहे. आपण ती मनाच्या रंगांची गोष्ट म्हणून ऐकतो आणि ते बरोबरच आहे. पण मला तिच्यात झाडाविषयीचं एक शहाणपणही दिसतं. भूक सहाही जणांना सारखीच. फरक आहे तो घाव कुठं पडतो यात.

अंगणात झाड असलेल्या बाईला हा प्रश्न कधी ना कधी सोडवावा लागतो. फांद्या तोडणारा दारात येतो तेव्हा घरात बहुधा आपणच असतो. वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानणाऱ्या घरात ‘झाडाला हातच लावू नका’ म्हणणं सोपं वाटतं. पण वाळलेली खांदी कौलांवर वाकली, खाली पोरं खेळायला लागली, की काहीतरी करावंच लागतं.

आपल्या पूर्वजांनीही झाडाकडं नुसते हात जोडून पाहिलं नव्हतं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचा एक अध्यायच आहे. झाड आजारी पडलं तर पहिलं काम काय, तर शस्त्रानं बिघडलेला भाग साफ करणं. मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप लावायचा आणि दूध घातलेलं पाणी शिंपायचं. बाळाला वावडिंग घातलेलं पाणी पाजणाऱ्या आपल्या आज्यांना हे वाचून नवल वाटलं नसतं. झाड म्हणजे घरातला रुग्ण, आणि रुग्णाला कधी कधी शस्त्र लागतं. मात्र ते वैद्याच्या हातात हवं.

दुसरा कागद आपल्या मुलखाच्या अगदी जवळचा. बावड्याचे रामचंद्रपंत अमात्य यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘आज्ञापत्र’ लिहिलं. आरमाराला लाकूड लागतंच, हे ते नाकारत नाहीत. तरी आंबा-फणसाला हात लावू नये असं बजावतात. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच घ्यावं. राजाच्या कारभारातही जबरदस्ती नको, हे तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे.

आता अलीकडचं. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या वनखात्यात अ‍ॅलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी असंख्य झाडं उभी चिरून आतून पाहिली आणि सांगितलं, की आपली जखम भरून येते तशी झाडाची येत नाही. झाड जखमेभोवती आतल्या आत भिंत घालतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. फांदी खोडाला मिळते तिथं थोडी फुगीर कड असते. भिंत घालायची ताकद त्या कडेत असते. म्हणून काप त्या कडेच्या लगत बाहेर घ्यायचा. खोडाला घासून घेतला तर कडच जाते, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. फांदी जड असेल तर आधी थोडं लांबवर खालून अर्धवट कापायचं, मग वरून कापून वजन उतरवायचं आणि शेवटी उरलेला खुंट नीट काढायचा. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते. डांबर किंवा रंग फासून कुजणं थांबत नाही, हेही त्यांनी दाखवलं. लेपाच्या बाबतीत त्यांचं आणि वराहमिहिराचं जमलं नसतं, पण काप स्वच्छ हवा यावर दोघांचं एकमत झालं असतं.

आमच्या बेळगावच्या घरामागं सासूबाईंनी लावलेला आंबा आहे. छाटणीसाठी पहिला आला तो रस्त्यावरूनच म्हणाला, “शेंडा उडवू या, पाच वर्षं बघायला नको.” असा शेंडा उडवलेला आंबा शेजारच्याच गल्लीत होता. कापाखालून काठ्यांसारखे धुमारे दाटीनं फुटले होते आणि वळवाच्या पहिल्या वाऱ्यात त्यांतले दोन मोडून पडले. असे धुमारे खोडाला वरवरच चिकटलेले असतात. शेंडा उडवल्यानं धोका जात नाही, पुढं ढकलला जातो.

दुसरे आले ते वयस्कर होते. त्यांनी झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, कोयत्याच्या पाठीनं बुंधा ठोकून आवाज ऐकला, बांडगूळ कुठं आहे ते पाहिलं आणि विचारलं, “वर घरटं हाय काय?” मग म्हणाले, “अक्का, शेंड्याला हात लावायचा न्हाई. वाळकं काढू, बांडगूळ काढू, कौलावरची एक खांदी काढू, बास.” बोलण्यावरूनच माणूस ओळखू येतो. जो आधी नुसतं बघतो, तो जाणकार.

माणूस ठरवताना आणखी दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे त्याचा जीव. दोर आणि पट्टा आहे का, जवळून विजेची तार जाते का? तार असेल तर वीज कंपनीला कळवून प्रवाह बंद केल्याशिवाय कुणाला वर चढवायचं नाही. स्वस्तात मिळाला म्हणून बिनदोराचा माणूस वर पाठवणं हीसुद्धा हिंसाच. गोव्यात नारळ उतरवणारे पाडेली आता सहज मिळत नाहीत. केरळात तर 2011 पासून नारळ विकास मंडळानं यंत्रावर चढायचं शिक्षण द्यायला सुरुवात केली आणि त्यात बायकाही शिकल्या. जिवावरचं काम आहे, त्याचं मोल घासाघीस न करता द्यावं.

दुसरी गोष्ट कायद्याची. झाड आपल्या अंगणातलं असलं तरी ते पाडायचं असेल तर काही जाती सोडून परवानगी लागते. आमच्या कर्नाटकात 1976 चा कायदा आहे, महाराष्ट्रातल्या शहरांना 1975 चा आणि गोव्यात 1984 चा. मोठी छाटणी करण्याआधीही आपल्या गावचा नियम विचारून घ्यावा. अर्ज लिहायला घरातल्या पुरुषांची वाट बघायचं कारण नाही.

या सगळ्यातलं निम्मं काम मात्र रोप लावायच्या दिवशीच होत असतं. दोन झाडांत वीस हातांचं अंतर उत्तम, सोळाचं मध्यम आणि बारा हात म्हणजे अगदी कमीत कमी, असं वराहमिहिरानं सांगितलंय. फांद्या एकमेकींना भिडल्या आणि मुळं गुंतली की झाडं नीट फळत नाहीत, हे त्याचं कारण. वीस हात म्हणजे साधारण तीस फूट. आपल्या आजच्या अंगणात एवढी जागा एखाद्याच आंब्याला मिळेल. मग एकच लावावा. भिंतीला टेकून लावू नये, बुंध्याभोवती फरशी घालू नये, आळं मोकळं ठेवावं. आज दिलेली ती जागा पन्नास वर्षांनी आपल्या नातसुनेला कोयतेवाल्याला बोलावण्यापासून वाचवेल.